काचेला विचारणाऱ्या एस्तेरबाई

एस्तेरबाई काच आधी नुसत्या डोळ्यांनी बघत, मायक्रोस्कोपखाली नंतर. ट्रेमधली काच दोन बोटांत धरून खिडकीकडे करायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि समोर एखादी शाळकरी मुलगी उभी असावी तसं विचारायच्या, "काय गं, कुठून आलीस? काय होतंय तुला?" पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा आत कोणी पेशंट आहे असं समजून दाराबाहेर थांबलो. बराच वेळ आतून नुसते प्रश्नच येत होते, उत्तर एकही नाही. शेवटी डोकावलो, तर बाई एकट्याच. "या सर्जन," त्या म्हणाल्या, "तुमचंच अपेंडिक्स आहे. बोलत नाहीये."

नगरला माझं छोटं हॉस्पिटल आहे. पाट्यांवर आता अहिल्यानगर झालं, जिभेवर अजून नगरच येतं. खालच्या मजल्यावर डॉक्टर एस्तेर साळवे यांची पॅथॉलॉजीची लॅब होती. आम्ही वर कापायचं आणि कापलेलं खाली पाठवायचं. बाई त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करून, रंगवून, काचेवर चढवून त्याची जात सांगायच्या. वयानं माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या. पांढरी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. मला कधी नावानं हाक मारली नाही त्यांनी; शेवटपर्यंत मी 'सर्जन'च राहिलो. इतर कोणी असं म्हटलं असतं तर मी चिडलो असतो. मी तसा लवकर चिडतो, हे माझ्या स्टाफला विचारलं तर ते जरा जास्तच खुलवून सांगतील.

बाईंचं माहेर काष्टी गावचं. वडील ख्रिस्ती, रविवारी चर्चमध्ये भजनाला पेटी वाजवणारे, आणि बाजारच्या दिवशी बैलांची दलाली करणारे. लहानपणी बाई त्यांच्याबरोबर बैलबाजार हिंडल्या होत्या. बैलाच्या जबड्यात हात घालून दात बघायचे, मग वय बोलायचं, ही त्यांची पहिली शाळा. "आमचे आप्पा सांगायचे, शिंगं रंगवता येतात, झूल उसनी आणता येते, दात उसने आणता येत नाहीत," असं त्या म्हणत. कोणी रिपोर्टची घाई केली, आणि ती बहुतेक मीच करायचो, की पुढचं वाक्य ठरलेलं असे. "दात बघितल्याबिगर वय सांगू नये, सर्जन." एरवी बाईंची भाषा अगदी पुस्तकी शुद्ध, पण आप्पांचं वाक्य आलं की त्यात काष्टी यायची.

त्यांना मधुमेह होता. चहा बिनसाखरेचा, पर्समध्ये फुटाण्यांची पुडी. माझ्याकडे पेढे आले की मी मुद्दाम एक त्यांच्यापुढे धरायचो. "माझ्या वाटची साखर देवानं आधीच रक्तात घालून ठेवलीय," म्हणून त्या बशी माझ्याकडे सरकवत आणि मग मी त्यांचाही पेढा खाई. इतक्या वर्षांत गोडाचा एक कण त्यांच्या तोंडात गेलेला मी पाहिला नाही.

सगळ्या आजारांत बाईंचा जीव एका विशिष्ट जातीच्या गाठींवर जडला होता. आतड्यांत आणि स्वादुपिंडात हार्मोन तयार करणाऱ्या बारीक पेशी असतात. एरवी त्या मुकाट्यानं आपलं काम करतात, पण क्वचित कधी त्यांचीच गाठ होते. तिला न्यूरोएंडोक्राइन गाठ म्हणतात. अशी गाठ भेटली की बाईंच्या चेहऱ्यावर जुनी मैत्रीण भेटल्यासारखं हसू येई. "लबाड जात आहे. राहते पोटात आणि लाल करते तोंड. बसते स्वादुपिंडात आणि फिरवते डोकं." त्यांच्या शिकण्याच्या काळात या सगळ्यांना मिळून एकच नाव होतं आणि त्याचा अर्थ 'कॅन्सरसारखी' असा होता. त्यावर बाई अजून रागवायच्या. "सारखी म्हणजे काय हो? बैलासारखा म्हणजे काय, रेडा?"

आता या गाठींच्या प्रती लावतात. बाई ते मला बाजाराच्या भाषेत शिकवत, कारण माझ्या डोक्यात दुसऱ्या भाषेत शिरत नाही असं त्यांचं मत होतं. "पहिल्या प्रतीचा बैल बसून रवंथ करतो. दुसऱ्या प्रतीचा औताला चालतो. तिसऱ्या प्रतीचा दावं तोडून पळतो. आणि एक चौथं असतं, ते बैलच नसतं, लांडगं असतं. त्याला या गोठ्यात मोजायचंच नाही." पण नुसत्या रूपावरून प्रत कळत नाही. वाढीला लागलेल्या पेशींना तेवढा तपकिरी रंग चढतो अशी एक तपासणी असते. तो रंग चढवून शेकड्यात किती पेशी तपकिरी आहेत ते मोजायचं, म्हणजे बैलाचे दात मोजायचे. बाई मोजायच्या ते चिंचोक्यांनी. टेबलावर दोन स्टीलच्या वाट्या. डोळा मायक्रोस्कोपला, उजवा हात काच सरकवणाऱ्या चाकावर आणि डावा हात या वाटीतला चिंचोका त्या वाटीत टाकतोय. मी थट्टा करायचो, मशीन घ्या म्हणून. त्या म्हणत, "मशीन मोजतं. विचारत नाही."

त्या मोजायला बसल्या की मी दारातून परत फिरायचो. मी एक हातघाईवर येणारा माणूस, पण त्या टक् टक् आवाजापुढे माझी जीभ चालत नसे. त्या काचेवरच्या माणसाला त्यांनी कधी पाहिलेलं नसायचं. तरी देवळात बसावं तशा त्या बसलेल्या असायच्या.

या बाई किती मोठ्या आहेत हे मला ज्या एका पेशंटमुळे पुरतं कळलं, तिचं नाव सिंधूबाई. पुणतांब्याची, शेतकऱ्याघरची, चाळिशीच्या आतबाहेरची. बेंबीच्या हर्नियासाठी माझ्याकडे भरती झाली होती. सकाळी ऑपरेशन, म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेली. मी हात धुवायला निघालो तोच सिस्टर पळत आली. "सर, तीन नंबरच्या अंगात आलंय!"

वॉर्डात गेलो तर सिंधूबाई कॉटवर घुमतेय, डोळे कुठेतरी लागलेले, घामानं पोलकं भिजलेलं, तोंडानं काहीतरी तुटक. नवरा हात जोडून उभा. सासू पायाशी बसून "आई, काय चुकलं आमचं?" म्हणतेय. शेजारच्या कॉटवरचे नातेवाईकही पाया पडायला सरकलेले आणि एकानं तर माझ्या नव्या कॉटच्या पायावर नारळ फोडलेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कोणीतरी मला बाजूला केलं. एस्तेरबाई कुणाचा तरी रिपोर्ट द्यायला वर आल्या होत्या. त्या सरळ कॉटपाशी गेल्या, सिंधूबाईचं मनगट धरलं, कपाळावरचा घाम बोटानं पुसून पाहिला आणि स्टूल ओढून तिथेच बसल्या. काच बघताना बसत तशाच.

सासूनं पिशवीतून गूळ-खोबरं काढलं आणि सुनेच्या तोंडात घातलं. थोड्या वेळात घुमणं थांबलं. आणखी थोड्या वेळानं सिंधूबाईनं पदर सावरला आणि ओशाळून विचारलं, "काय झालं? काय बोल्ले का मी?"

"मावशी," बाईंनी सासूला विचारलं, "हिला नेहमी येतं?"

"मंगळवारी येतं. नवरात्रात तर रोजच. उपास धरला की येती आई. उपासाच्या अंगालाच येती न्हवं ती."

"आज तर बुधवार."

"व्हय की. पर आज तुमीच उपाशी ठिवली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नंतर पुन्हा सासूकडे. "आणि उतरतं कधी?"

"परसाद दिला की."

"नाही दिला तर?"

म्हातारीचा चेहरा उतरला. "एक डाव गूळ सपला हुता घरात. म्हनलं आनते. येईस्तवर ही न्हाईच. लई हुडकली. गोदावरीच्या घाटावर पडल्याली घावली, दातखीळ बसल्याली."

बाई उठल्या आणि मला व्हरांड्यात घेऊन आल्या. "सर्जन, हर्निया राहू द्या. हिच्या स्वादुपिंडात कोणीतरी बसलंय."

मला हसू आलं. म्हटलं, "म्हणजे देवी नव्हे, इन्सुलिन!" बाईंना ते आवडलं नाही. "देवीला नावं ठेवायचं काम नाही. इतकी वर्षं या पोरीच्या तोंडात वेळेवर गूळ कोणी घातला? तुम्ही की मी? त्या परसादानं ती जिवंत राहिलीय."

पुढचं सगळं त्यांनी सांगितलं तसंच निघालं. माणूस उपाशी राहिला आणि रक्तातली साखर तळाला गेली की स्वादुपिंड इन्सुलिनचा नळ बंद करतं. मेंदूला साखर राहावी म्हणून. सिंधूबाईला आम्ही नजरेखाली उपाशी ठेवलं, घाम फुटून ती बोलायला लागल्याबरोबर रक्त काढलं आणि मग गूळ दिला. साखर तळाला आणि नळ सताड उघडा. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटाकडे पावट्याएवढी गाठ दिसली, इन्सुलिन सोडत राहणारी. उपासात मेंदूची साखर संपायची, आणि त्या अर्ध्या शुद्धीतल्या बोलण्याला गल्ली कौल समजायची. गाठ काढली नाही तर कधी तरी गूळ आणायला उशीर होणार, हे आता आम्हाला ठाऊक होतं.

आणि सिंधूबाई ऑपरेशनला तयार होईना.

नवरा तयार, सासूही "पोरगी वाचू द्या" म्हणाली, पण ही मान हलवेना. मी समजावलं, मग आवाज चढवला. मग बाईंनी मला बाहेर काढलं. पण दार उघडं होतं आणि मी काही फार लांब गेलो नव्हतो.

"भीती वाटते का कापायची?" बाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

ती एकदम बोलली. "बाई, मी घरात धाकली. मला मूलबाळ न्हाई. सा दिस मला कोन काय इचारत न्हाई, भाकरी थाप म्हनत्यात नि मी थापते. मंगळवारी समदी गल्ली माज्यापुढं बसती. सासूबाई पाया पडत्यात. लगीन जमवू का, हीर कुटं खांदू, समदं मला इचारत्यात. मी काय सांगते ते मला ठावं नसतं. पर इचारत्यात. देवी गेली तर मला कोन इचारल?"

मला वाटलं बाई आता जिवाचं मोल वगैरे सांगतील. मी तेच सांगितलं असतं. त्या म्हणाल्या, "मी विचारीन."

एवढंच. सिंधूबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, जसं बाजारात बोली लावणाऱ्याकडे पाहतात, खरा की खोटा. मग सहीसाठी हात पुढे केला.

पुण्याहून माझे एक मित्र ऑपरेशनला आले, मी मदतीला उभा राहिलो. गाठ सुबक निघाली. खाली बाईंनी काच खिडकीकडे धरली आणि विचारलं, "काय गं, तूच का ती देवी?" मग मला बोलावून मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. पेशी सगळ्या एकसारख्या, एका आईच्या लेकींसारख्या, प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या रांगेत. आणि प्रत्येकीच्या पोटात जाडंभरडं दळलेलं पीठ असावं तसं दाणेदार केंद्रक. "नाव नक्की," बाई म्हणाल्या. "प्रत राहिली."

तपकिरी रंगाची तपासणी आमच्याकडे होत नव्हती, नमुना पुण्याला गेला. तिथून काचा आणि रिपोर्ट परत आले: पहिली प्रत, वाढणाऱ्या पेशी शेकड्यात अंदाजे दोन. मी खूश. नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले, त्यांना सांगायला मी उठलोच. बाई म्हणाल्या, "बसा. अंदाजे पाऊस सांगतात, प्रत नाही."

त्यांनी काच लावली. पूर्ण गाठभर फिरून आधी सगळ्यात दाट तपकिरी कोपरा शोधला, कारण बैल कुठे चपळ आहे ते बघायचं, कुठे झोपलाय ते नव्हे. मग वाट्या पुढे ओढल्या. टक्. टक्. त्या दिवशी मी परत फिरलो नाही, तिथेच बसलो. बाहेर रिक्षा ओरडत होत्या, वरून सिस्टर दोनदा बोलावून गेली, माझी ओपीडी खोळंबली. बाईंनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी त्यांनी सगळं पुन्हा मोजलं, पहिल्या दिवशीचा आकडा मला सांगायचाही नाही अशा बेतानं. दोन्ही वेळा तेच आलं. तीनच्या आत पहिली प्रत, तीनपासून विसापर्यंत दुसरी. सिंधूबाईची गाठ तीनच्या पुढे गेली होती. बाईंनी पुण्याच्या लॅबला फोन लावला, कोपरा समजावून सांगितला. त्यांनीही पुन्हा पाहून मान्य केलं.

"एवढ्याशा फरकानं काय होतंय बाई? गाठ तर काढली," मी म्हणालो.

"तुमच्या कापण्यात काही फरक पडत नाही," त्या म्हणाल्या. "तिच्या पुढच्या आयुष्यात पडतो. पहिल्या प्रतीला विसरलं तरी चालतं. तिसरीच्या मागं धावावं लागतं. दुसरीला नुसतं विचारत राहावं लागतं. दर वर्षी, न चुकता. आपण आज पहिली म्हणालो की उद्यापासून हिला कोणी विचारणार नाही." बोलता बोलता त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांच्याच लक्षात आलं असावं, कारण त्या थोडं हसल्या आणि वाटीतले चिंचोके परत पहिल्या वाटीत ओतले.

सिंधूबाई घरी गेली. उपासाची बंदी नव्हती. बाईंनीच सांगितलं होतं, आता खुशाल धर. पुढचं मला तिनंच नंतर सांगितलं. पहिल्या मंगळवारी तिनं उपास धरला. गल्ली जमली. अंगणात सतरंजी टाकलेली, ऊद पेटलेला. ती पाटावर बसली. काही आलं नाही. घाम नाही, घुमणं नाही, काही नाही. उन्हं वर आली. एकेक जण उठला, कोणी "येतो" सुद्धा म्हटलं नाही. शेवटी सासू उठली आणि सतरंजी गुंडाळायला लागली. "बाई," सिंधूबाई मला म्हणाली होती, मी पुरुष असूनही त्या गडबडीत ती मलाही बाईच म्हणाली, "तवा वाटलं, त्यापरीस घाटावरच ऱ्हायले असते तर बरं."

तेवढ्यात नवऱ्याच्या खिशातला मोबाईल वाजला. एस्तेरबाई. "सिंधूला दे. सिंधू, मला एक विचारायचंय. माझ्या परसात लिंबोणी आहे. झाड चांगलं वाढलंय पण फळ म्हणून धरत नाही. काय करू?"

सिंधूबाई म्हणाली, "बाई, पानी लई घालता का?"

"रोज घालते."

"मंग कसं धरंल? ताण द्या त्याला. पान मलूल होईस्तवर पानी तोडा. मंग खत घालून भरपूर द्या."

नवऱ्यानं फोन स्पीकरवर टाकला होता. सासू सतरंजी तशीच धरून ऐकत होती. नगरची डॉक्टरीणबाई आपल्या धाकट्या सुनेला विचारतेय आणि सून, पूर्ण शुद्धीवर, उत्तर देतेय. त्या वर्षी बाईंच्या लिंबोणीला इतकी लिंबं लागली की माझ्या हॉस्पिटलच्या सगळ्या स्टाफला लोणच्याच्या बरण्या मिळाल्या.

मग दर मंगळवारी दुपारी हा फोन ठरला. बाई खोटं काही विचारत नसत, याचं मला सगळ्यात नवल वाटे. मी कधी खाली असलो तर ऐकायचो. भाचीचं जमत आलंय, मुलगा चांगला आहे पण आई फार बोलते, काय करू? गच्चीत मधमाश्या आल्यात, उठवू का राहू देऊ? आणि सिंधूबाई सांगेल तसं बहुतेक वेळा करायच्या. भाचीचं लग्न मोडलं ते सिंधूबाईच्या सांगण्यावरून, आणि चांगलंच झालं मोडलं ते. हळूहळू पुणतांब्यातही लोक तिच्याकडे यायला लागले, आता कुठल्याही वारी. सासू सांगायची म्हणे, "नगरच्या मोट्या डॉक्टरीनबाई आमच्या सिंधूला इचारून काम करत्यात."

आणि वर्षातून एकदा बाई विचारत, "सिंधू, स्कॅनला कधी येतेस?" त्या प्रश्नाला मात्र सुट्टी नव्हती. ती यायची, स्कॅन स्वच्छ निघायचा, मी मनात म्हणायचो, बाईंचं हे जरा अतीच. मग एका वर्षी यकृतावर हरभऱ्याएवढा ठिपका दिसला. एवढासा होता म्हणून पुण्यात तो एका सुईनं जाळता आला. आणखी वाढता तर गोष्ट वेगळी होती. पहिली प्रत लिहिली असती तर त्या वर्षी तिला स्कॅनला कोणी बोलावलंच नसतं. मी खाली गेलो आणि बाईंच्या पाया पडलो. ख्रिस्ती बाईच्या पाया पडावं की नाही मला माहीत नव्हतं, पडलो. त्या गडबडून गेल्या. "उठा हो सर्जन, कंबर धरेल," म्हणाल्या, आणि मग नेहमीचंच, "दात बघितले म्हणून बरं झालं."

गेल्या वर्षी बाईंच्या किडन्या थकल्या. मधुमेहानं हळूहळू खाल्लेल्या. काही महिने डायलिसिस झालं, मग शरीर तेही सोसेना. स्वतःचे रिपोर्ट त्यांनी स्वतःच वाचले आणि घरी जाऊन पडल्या. लॅब बंद झाली. धाकटी बहीण सोबतीला होती. मी रोज संध्याकाळी जाई, पण मला तिथे काय बोलावं सुचत नसे. कापायला काही नसलं की मी निरुपयोगी माणूस.

एका मंगळवारी फोन गेला नाही. दुसऱ्या दिवशी सिंधूबाई एसटीनं नगरला आली. मी तिला बाईंच्या घरी घेऊन गेलो. परसातली लिंबोणी खिडकीतून दिसत होती. सिंधूबाई कॉटपाशी खाली बसली आणि बाईंचा हात हातात घेतला. बाईंनी डोळे उघडले.

"सिंधू, बरं झालं आलीस. एक विचारायचं राहिलंय."

"इचारा की."

"मला जरा भीती वाटतेय गं." हे वाक्य मी बाईंच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बहीण भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "तू इतक्यांदा जाऊन आलीस. घाटावर तर अगदी पार पलीकडे गेली होतीस. कसं असतं ते?"

सिंधूबाईनं विचार केला, लिंबोणीच्या वेळी केला असेल तसा.

"जाताना कायबी कळत न्हाई बाई," ती म्हणाली. "भ्या वाटतं ते आदी. जाताना न्हाई. आन परत येताना तेवढं तोंडात गोड लागतं."

"आणि परत नाही आलं तर?"

"तर मंग कोनीतरी तिकडं गूळ घिऊन बसलंच आसंल की."

सिंधूबाईनं पिशवीत हात घातला, पुडी सोडली आणि गुळाचा एक बारीक खडा त्यांच्या ओठांपाशी नेला. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "अहो, शुगर..." बाईंनी नजरेनंच मला गप केलं आणि तोंड उघडलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी त्या गेल्या. दफनाला सिंधूबाई आली होती, सासूला घेऊन. माती देऊन झाल्यावर दोघी फाटकाशी उभ्या राहिल्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर गूळ-खोबरं ठेवू लागल्या. पाद्रीबाबा क्षणभर थबकले, मग त्यांनीही हात पुढे केला.

पुढचा मंगळवार आला. ओपीडी भरलेली होती, तरी दुपारी मी आत जाऊन दार लावून घेतलं. बाईंच्या वाट्या आणि चिंचोके त्यांच्या बहिणीनं मला दिले होते, ते टेबलावर होते. फोन लावला खरा, पण काय विचारायचं तेच ठरवलं नव्हतं. मला कोणाला काही विचारायची सवय नाही. पलीकडे फोन उचलला गेला आणि मी नुसताच श्वास घेत राहिलो.

"डाक्टर का?" सिंधूबाई म्हणाली. मागे सासूचा आवाज येत होता, कोणाला तरी गप बसा म्हणून सांगणारा. "हां. इचारा."